अडाणकाठ ते मिठीकाठ

आमचे बोरी अरब हे गाव यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यात अडाण नदीच्या काठी वसले आहे. यवतमाळहून दारव्ह्याकडे एस.टी.ने जाणाऱ्यांना ते रस्त्यावर लागते. गावाच्या नावातच 'अरब' आहे. वऱ्हाड 1853 सालापर्यंत निजामाच्या थेट अमलाखाली होता आणि निजामाच्या फौजेत अरब शिपाई मोठ्या संख्येने होते, हे इतिहासाचे वाचक जाणतातच. पण आमच्या लहानपणी गावात या नावाची चर्चा कुणी करत नसे. चर्चा असे ती कापसाची. बोंडे फुटली की नाही, वेचणीला बाया मिळतील की नाही, जिनात भाव काय चालला आहे, याच गोष्टी मशिदीच्या ओट्यावर आणि मारुतीच्या पारावर सारख्याच बोलल्या जात.

आमच्या मुलखात पाणी आणि कापूस यांच्या वाटा उलट दिशेच्या आहेत. अडाणचे पाणी पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा वैनगंगेला, आणि प्राणहिता होऊन ते गोदावरीतून पूर्वेच्या समुद्राला जाते. कापूस मात्र पश्चिमेला गेला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर पडली. 1867 मध्ये जी.आय.पी. रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. पुढे किलिक निक्सन या कंपनीच्या पुढाकाराने 1910 साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी निघाली आणि मूर्तिजापूर ते यवतमाळ ही 113 किलोमीटरची अरुंद रूळवाट, म्हणजे आपली शकुंतला, दारव्ह्यावरून धावू लागली. वऱ्हाडातल्या जिनांत सरकी वेगळी केलेला, दाबून गाठी बांधलेला कापूस या गाडीने मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या लाईनीने मुंबईला जाई. माणसेही त्याच वाटेने गेली. माझे मामू त्यांतलेच एक. ते धारावीत चामड्याच्या पिशव्या शिवणाऱ्या एका कारखान्यात लागले आणि तिथेच म्हातारे झाले.

1975 साली मी अब्बांबरोबर पहिल्यांदा मुंबईला गेलो. समुद्र पाहायचा होता. पण त्या मुक्कामाची माझी पहिली आठवण आहे ती वासाची. मामूंच्या खोलीपासून थोड्या अंतरावर शहराचा कचरा टाकण्याची जागा होती. डोंगरासारखे ढीग, त्यांवर घारी आणि कावळे, कुठे ना कुठे धुमसणारा धूर, आणि ढिगांच्या पलीकडे काळे पाणी. ते पाणी खाडीचे की गटाराचे, हे मला समजले नाही. मी मामूंना विचारले तेव्हा ते म्हणाले, "नदी है बेटा." अब्बा त्यावर हसले. अडाणच्या डोहात पोहायला शिकलेल्या माणसाला ती नदी वाटणे शक्यच नव्हते.

ती मिठी नदी होती. आज त्याच कचऱ्याच्या जागेवर झाडी आहे आणि झाडीतून पायवाटा जातात. त्या पायवाटांचा इतिहास मला आपल्या वाचकांपुढे मांडायचा आहे, कारण त्यात आपण आहोत. नेमके कुठे आहोत आणि कुठे नाही, हेही त्यातून दिसते.

मुंबईचा इतिहास सांगताना गिरण्या येतात, गोदी येते, सात बेटे येतात. मिठी नदी 26 जुलै 2005 पर्यंत कुणाच्या तोंडी नव्हती. विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्यांतून ती निघते. विहार तलाव 1860 च्या सुमारास मुंबईला नळाचे पाणी देण्यासाठी बांधला गेला, पवईचा 1891 साली. साधारण 18 किलोमीटरच्या वाटेत ती साकीनाका, विमानतळ, कुर्ला, कलिना, वांद्रे-कुर्ला संकुल आणि धारावी पार करून माहीमच्या खाडीला मिळते. तिच्या मुखाशी 1845 साली माहीम आणि वांद्रे जोडणारा रस्ता झाला, तो लेडी जमशेटजी यांच्या देणगीतून. मुखापासून जवळच मखदूम अली माहिमी यांचा दर्गा आहे. इ.स. 1431 मध्ये निधन पावलेल्या या कोकणी विद्वानाने अरबीत कुराणाचे भाष्य लिहिले. त्यांच्या काळी इथे कोळ्यांची गावे होती, तिवरांचे जंगल होते आणि खाडीचे स्वच्छ पाणी होते. धारावी हेही मुळात कोळीवाडाच.

शहर वाढले तसे त्याने नको असलेले सारे उत्तरेकडे ढकलले. घाण, वास आणि आवाज करणारे धंदे वेशीबाहेर जावेत असा त्या काळच्या सरकारचा दंडक होता. धारावीत पहिले चर्मालय 1887 साली आले असे सांगितले जाते. वांद्र्याचा कत्तलखाना जवळ असल्याने कच्चे कातडे हाताशी मिळे. चुन्याच्या हौदात कातडे भिजवून केस काढायचे, मग झाडांच्या साली आणि हिरडा यांच्या काढ्यात ते कमवायचे, अशी ती पद्धत. त्याला भरपूर पाणी लागे आणि वापरलेले पाणी सोडायला खाडी होती. हे काम करायला तमिळ मुलखातून, विशेषतः तिरुनेलवेलीकडून, मुसलमान आणि दलित कामगार आले. धारावीची बडी मशीद त्याच काळातली. दलित आणि मुसलमान या दोन समाजांनी सारख्याच हौदात हात बुडवले. शहराने चामडे वापरले, पायात घातले, आणि ते कमावणाऱ्याला मात्र वासावरून ओळखले.

नदीच्या वरच्या अंगाला कुर्ल्यात कापड गिरणी उभी राहिली. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली ती वऱ्हाडचा कापूस जवळ पडतो म्हणून. आणि त्यांनीच 1886 साली कुर्ल्याची एक बंद पडायला आलेली गिरणी घेऊन तिची स्वदेशी मिल केली. म्हणजे आमच्या काळ्या मातीचा धागा मिठीच्या खोऱ्याशी तेव्हापासून जोडलेला आहे. पुढे कारखाने आले, गॅरेजे आली, तेलाचे पिंप धुणारे आणि भंगार वेगळे करणारे धंदे नदीच्या काठाला चिकटले. शहर जे फेकून देई ते पुन्हा कामाचे करण्याचा हा उद्योग. तो करणाऱ्यांत आपली माणसे पुष्कळ होती आणि आहेत. आणि नदीच्या शेवटच्या टप्प्यात, धारावीच्या उत्तरेला, पालिका कचरा ओतत होती. माझ्या लहानपणी मी पाहिला तो हाच ढीग.

1977 साली तिथे कचरा टाकणे थांबले. ढीग तसाच राहिला. या जागेचे काय करायचे हा प्रश्न होता आणि मुंबईत रिकाम्या जागेचे उत्तर ठरलेले असते. पण इथे वेगळे घडले. निसर्गसंरक्षणाचे काम करणाऱ्या वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या भारतीय शाखेने अशी कल्पना मांडली की या ढिगावर बगीचा नव्हे तर जंगल करावे, जिथे शहरातली मुले झाडे, पाखरे, किडेमुंग्या पाहायला येतील. जागेसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण पुढे आले. जागा होती 37 एकर, म्हणजे जेमतेम 15 हेक्टर. 1983 साली तिथे झाड लावण्यासाठी एका वृद्ध माणसाला बोलावले गेले. ते होते डॉ. सलीम अली.

सलीम अलींचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 चा, मुंबईतल्या सुलेमानी बोहरा घराण्यातला. त्याच वर्षी मुंबईत प्लेगची साथ आली आणि शहर साफ करण्याच्या नावाखाली गरिबांची घरे पाडण्याचे सत्र सुरू झाले. आई-वडील लहानपणीच गेले; मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी या पोरक्या भाच्याला वाढवले. दहाएक वर्षांच्या सलीमने छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. असली चिमणी मुसलमानाने खावी की न खावी, हे विचारायला पोरगा मामांकडे गेला. मामांना सांगता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सभासद होते. त्यांनी तिथले सचिव मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी देऊन त्याला पाठवले. मिलार्ड साहेबांनी पोराला कपाटे उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. स्वयंपाकघरातला साधा प्रश्न, हलाल की हराम, आणि त्यातून या देशाला त्याचा सर्वांत मोठा पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. या गोष्टीत मला महत्त्वाचे वाटते ते मामांचे वागणे. उत्तर ठाऊक नसताना त्यांनी पोराला गप्प केले नाही, उत्तर ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे पाठवले. आपल्या घरांतून असे किती मामा आहेत?

1930 साली कोकणात किहीमला राहून सलीम अलींनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास केला. एकच नर अनेक घरटी विणतो, मादी येऊन घरटे पारखते, पसंत पडले तर राहते, आणि नर पुढचे घरटे विणायला घेतो, हे त्यांनी तासन् तास बसून टिपले. अडाणच्या काठी बाभळीला लटकलेली तसली घरटी आम्ही पोरांनी काठीने पाडली होती. ती पाहायची असतात हे सांगणारे आमच्या शाळेत कुणी नव्हते. सलीम अलींचे नाव मी ऐकले तेव्हा चाळिशीला टेकलो होतो.

सांगायचे ते हे की 1983 साली सत्त्याऐंशीच्या घरात आलेला हा माणूस, ज्याला भरतपूरची पाणथळ आणि केरळचे सायलेंट व्हॅली ठाऊक, तो धारावीच्या उकिरड्यावर रोप लावायला आला. 20 जून 1987 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी जंगल पाहिले नाही, रोप पाहिले.

कचऱ्यावर झाड वाढवणे सोपे नसते. ढीग आतून कुजत असतो, तापतो, वायू सोडतो, खचतो. वर मातीचा थर द्यावा लागतो, आणि रोपाची मुळे त्या थराखाली उतरली की त्यांना प्लास्टिक, चिंध्या आणि काच लागते. पहिल्या काही वर्षांत जे जगेल ते जगू द्यावे आणि गळालेला पाला तिथेच कुजून माती होऊ द्यावी, हाच मार्ग असतो. पाण्यासाठी पावसाचे पाणी साठवणारे तळे केले गेले. स्वयंसेवकांचे, शाळकरी मुलांचे हात लागले. 1991 साली या जागेला संरक्षित वनाचा दर्जा मिळाला आणि 22 एप्रिल 1994 रोजी, वसुंधरा दिनी, महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी खुले झाले. आज तिथे हजारो झाडे आहेत, शंभरावर जातींचे पक्षी आणि ऐंशीच्या आसपास जातींची फुलपाखरे नोंदली गेली आहेत. नदीच्या कडेला तिवरे आहेत.

1994 या सालाकडे आपण लक्ष द्यावे. त्याआधी सव्वा वर्षच झाले होते मुंबईच्या दंगलींना. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये धारावीनेही माणसे जाळलेली पाहिली. मामूंनी ते दिवस शेजारच्या मराठी कुटुंबाच्या माळ्यावर काढले. त्यानंतर याच धारावीत वकार खान आणि भाऊ कोर्डे या दोघांनी मोहल्ला कमिटीचे काम केले. चार धर्मांच्या वेशातल्या मुलांचे 'हम सब एक हैं' हे वकार खान यांचे भित्तिचित्र पुढे ठिकठिकाणी लागले. त्या जळालेल्या वस्तीच्या दाराशी, रस्त्याच्या पलीकडे, एक रान उघडले गेले जिथे जाताना कुणाला नाव विचारले जात नव्हते. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध होता असे मी म्हणणार नाही. पण मामूंनी मला 1996 साली तिथे नेले तेव्हा ते जे म्हणाले ते मला विसरता येत नाही. म्हणाले, "इथे आलो की वीस वर्षांनी नाक उघडते."

त्या दिवशी आम्ही पायवाटेने चाललो. पायाखाली मऊ माती होती. एका जागी पावसाने कड ढासळली होती आणि मातीतून निळ्या प्लास्टिकचे टोक वर आले होते. मामूंनी ते बुटाच्या टोकाने दाबून पाहिले आणि म्हणाले, "आमचेच असेल." पुढे उंबराखाली बसून त्यांनी डबा उघडला. झाडांच्या फटीतून नदी दिसत होती आणि तिचे पाणी 1975 साली होते तेवढेच काळे होते.

इथे हिशेब मांडावा लागतो. ज्या प्राधिकरणाने 15 हेक्टरांवर जंगल होऊ दिले, त्यानेच नदीच्या दोन्ही अंगांच्या सखल, पाणथळ जमिनीवर भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभे केले. त्याचा पसारा 370 हेक्टरांचा आहे. मराठीत दोन्ही कामांना आपण 'जमीन तयार केली' असेच म्हणतो. एकीकडे उकिरड्याचे रान झाले आणि दुसरीकडे पाण्याच्या जागेची इमारत झाली. प्रमाण पाहिले तर रानाच्या एका वाट्याला भरावाचे जवळजवळ पंचवीस वाटे पडतात. नदीला पसरायला जागा उरली नाही. विमानतळाच्या धावपट्टीखाली ती आधीच वळवली-कोंबली गेली होती. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्यात भरतीची वेळ आली, आणि मिठीने आपली जागा परत मागितली. कुर्ला, कलिना, धारावीत माणसे छपरावर चढली. मामूंच्या खोलीत पाणी कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत आले.

त्यानंतर मिठीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले, पात्र रुंद करण्याचे आणि काठाला भिंती बांधण्याचे काम निघाले. नदीकाठचे पिंपवाले, भंगारवाले, झोपड्या हटवल्या गेल्या. ते धंदे नदीत घाण सोडत होते हे खरेच आहे आणि ते नाकारण्यात शहाणपण नाही. पण भरावाचा दोष ज्यांच्याकडे जातो त्यांना कुणी हटवले नाही, हेही तितकेच खरे. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून 'नदी कुणी मारली' या प्रश्नाचे उत्तर फार लवकर सापडत असे आणि ते बहुधा आपल्या वस्त्यांचे नाव असे. गाळ काढण्यावर वर्षानुवर्षे पैसा ओतला गेला. 2025 साली त्या कामातल्या कथित गैरव्यवहाराबद्दल गुन्हाही नोंदवला गेला. नदी अजून काळीच आहे.

जगात असे दुसरीकडे झाले आहे काय? जर्मनीत रूर नावाचा कोळशाचा आणि पोलादाचा मुलूख आहे. त्यातून एम्शर नदी वाहते. खाणींमुळे जमीन खचायची, जमिनीखाली गटारे टिकत नसत, म्हणून 1899 साली तिथल्या गावांनी आणि कारखान्यांनी संघ करून अख्खी नदीच काँक्रीटच्या उघड्या गटारात बदलली. जवळजवळ शंभर वर्षे ती तशीच वाहिली. खाणी आणि भट्ट्या बंद पडू लागल्यावर 1989 ते 1999 या दहा वर्षांत तिथल्या सरकारने एक मोठा कार्यक्रम हाती घेतला. बंद भट्ट्या पाडायच्या नाहीत, त्यांच्यामधून लोकांना चालू द्यायचे. ड्युइसबर्गची 1985 साली बंद पडलेली लोखंडाची भट्टी उद्यान म्हणून खुली झाली तीही 1994 सालीच. मात्र तिथले लोक काठावर झाडे लावून थांबले नाहीत. सांडपाण्यासाठी जमिनीखाली वेगळी वाहिनी घातली, आणि जवळपास तीस वर्षे खपून, पाच अब्ज युरोंहून अधिक खर्चून 2021 च्या अखेरीस नदी सांडपाण्यातून मोकळी केली. आता तिच्या काठाने माणसे चालतात, सायकली चालवतात.

या मुलखातही आपल्यासारखीच माणसे आहेत. 1961 च्या करारानंतर तुर्कस्तानातून हजारो मुसलमान मजूर तिथल्या खाणींत उतरले. ड्युइसबर्गच्या मार्क्सलो भागात एका बंद खाणीच्या उपाहारगृहात ते नमाज पढत. त्याच जागी 2008 साली मोठी मशीद उभी राहिली. खाण गेली, मजूर राहिला, आणि त्या मुलखाच्या इतिहासात त्याची खूण राहिली. माहीमच्या रानात मात्र चर्मालयाच्या कामगाराची, कचरा वेचणाऱ्या बाईची, पिंप धुणाऱ्या पोराची खूण मला कुठे दिसली नाही. झाडांच्या नावाच्या पाट्या आहेत आणि त्या असाव्यातच. पण पायाखालच्या ढिगाचा इतिहास सांगणारी एखादी पाटीही असायला काय हरकत आहे? धारावीचा नातू तिथे सहलीला येईल तेव्हा ही जमीन कुणाच्या श्रमावर आणि कुणाच्या नाकावर उभी आहे, हे त्याला कळावे.

या रानावरही संकटे आली. धारावीच्या पुनर्विकासात ते ओढले जाणार अशी भीती निर्माण झाली, लोकांनी आवाज उठवला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि उद्यान प्रकल्पाच्या बाहेर असल्याचे शासनाच्या बाजूने सांगितले गेले. धारावीच्या माणसाला पक्के घर हवे आणि रानही हवे. घराची आशा दाखवून रान मागायचे आणि रान दाखवून घराला विरोध करायचा, या दोन्ही चालींपासून त्याने सावध राहावे.

आता माझ्या गावाकडे येतो, कारण मुंबईची गोष्ट सांगून थांबायचे असते तर हा लेख मी लिहिलाच नसता.

शकुंतला बंद पडली आहे. 1921 साली मँचेस्टरला बनलेले तिचे वाफेचे इंजिन 15 एप्रिल 1994 रोजी निवृत्त झाले. पुन्हा तेच साल. त्यानंतर डिझेलचे इंजिन आले, गाडी आणखी काही वर्षे रखडत चालली आणि मग थांबली. मोठी लाईन करण्याच्या घोषणा झाल्या. दुसरीकडे वर्धा-यवतमाळ-नांदेड हा नवा रेल्वेमार्ग होतो आहे. त्यातला वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला. तोही मार्ग दारव्ह्याकडे येणार आहे. जुन्या शकुंतलेच्या रुळांवर मात्र गवत माजले आहे, बाभळी उगवल्या आहेत. त्या वाटेने कापूस गेला, वऱ्हाडी मजूर गेले, लग्नाची वऱ्हाडे गेली, ताजुद्दीन बाबांच्या उर्साला नागपूरकडे निघालेले जायरीन गेले. स्टेशनावर पान विकणारे, टांगा हाकणारे, गाठी उचलणारे हमाल यांत आपली माणसे होती. रेल्वे पुन्हा आली तर मी पहिल्या दिवशी तिकीट काढीन. पण ती येणार नसेल तर ही वाट कुंपणे घालणाऱ्यांच्या घशात जाण्याआधी चालणाऱ्यांच्या हाती यावी, असे मला वाटते. झाडे लावलेली, पाट्या लावलेली, शाळेच्या पोरांना नेता येईल अशी पायवाट. रेल्वेसाठी राखलेली जमीन पायवाट म्हणून वापरली तर पुढे रेल्वेलाही ती मोकळी सापडेल.

आणि वणीकडे पाहा. आपल्याच जिल्ह्यात, वर्धा नदीच्या खोऱ्यात, कोळशाच्या उघड्या खाणींनी मातीचे डोंगर उभे केले आहेत. कोळसा संपणारच आहे. नागपूर जिल्ह्यात सावनेरजवळ वेस्टर्न कोलफिल्ड्सने खाणीच्या परिसरात उद्यान करून लोकांना आत येऊ दिले आहे, म्हणजे हे काम आपल्याकडे होऊ शकते. वणीच्या ढिगांवर उद्या काय असेल, याचा विचार आज कोण करतो आहे? ज्यांच्या शेती त्या खाणींत गेल्या आणि ज्यांनी त्यात मजुरी केली, त्यांना त्या वेळी विचारले जाईल काय? ढीग थंड होण्याची वाट न पाहता हे प्रश्न ग्रामसभेत मांडावे लागतील, आणि ते मांडण्याची सवय आपल्या समाजाने लावून घ्यायला हवी. कब्रस्तानाची भिंत आणि शादीखाना यांच्यासाठी आपण अर्ज करतो. नदीसाठी एक अर्ज करायला काय लागते?

मामू तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांची मिट्टी मुंबईतच झाली. त्यानंतर मी एकदा त्या रानात जाऊन आलो. धारावीच्या एका शाळेची मुले रांगेने चालली होती, त्यांत डोक्याला रुमाल बांधलेल्या मुलीही होत्या. एका मुलीने झाडाकडे बोट दाखवून शिक्षिकेला काही विचारले. शिक्षिका म्हणाल्या, "मला माहीत नाही, आपण आत जाऊन विचारू." मला तय्यबजी मामांची चिठ्ठी आठवली. मुले पुढे गेली आणि मी उंबराखाली बसलो, मामू बसायचे तिथे.

बोरीला परतलो तेव्हा पाऊस सुरू झाला होता. अडाण भरून वाहत होती. पुलाखाली प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्या होत्या. आमच्या लहानपणी त्या नव्हत्या. दुसऱ्या जुम्म्याला नमाजनंतर मी चार पोरांना म्हटले, पाणी ओसरले की काठ साफ करू आणि करंजाची रोपे लावू. दोघे तयार झाले, दोघे हसले. पारावरच्या पोरांनाही विचारले, त्यांतले तिघे आले. पाच रोपे लावली. एक बकरीने खाल्ले. चार आहेत.